कोलेस्टेरॉलचे उपचार आणि मनःस्वास्थ्य

हृद्रोग किंवा मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार असलेल्या रुग्णांना रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी दिली जाणारी औषधे आणि त्या रुग्णांची मानसिक अवस्था यांचा परस्परसंबंध. औषधांत मुख्य गट स्टॅटिनांचा (ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन इ.), जोडीला एझेटिमाइबची गोळी आणि पीसीएसके-९ या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने. या विषयात दोन प्रश्न आहेत : गोळीने मन बिघडते का, आणि बिघडलेले मन गोळीचे काय करते? चर्चा पहिल्या प्रश्नाची जास्त होते. रुग्णाचे नुकसान बहुधा दुसऱ्यात असते.

स्टॅटिनांचा शोध जपानमधला. सांक्यो या औषध कंपनीतील अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये क्योटोतील धान्याच्या दुकानातून आलेल्या तांदळावरील निळसर-हिरव्या बुरशीतून या गटाचे पहिले द्रव्य वेगळे केले. अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला परवानगी मिळाली ती १९८७ मध्ये. मनाबद्दलची शंका मात्र त्याआधीच्या उपचारांवरून निघाली. आहार आणि जुनी औषधे वापरून झालेल्या चाचण्यांच्या १९९० मधील एकत्रित विश्लेषणात असे दिसले, की कोलेस्टेरॉल उतरवलेल्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू घटले, पण अपघात, आत्महत्या व हिंसेने झालेले मृत्यू वाढले. मेंदूत शरीरातील सुमारे चौथा हिस्सा कोलेस्टेरॉल असते, तेव्हा रक्तातले कमी केले की मेंदूचेही आटत असेल, हा तर्क लोकांना लगेच पटला. पण मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. रक्तातले एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन चाचणीने चित्र पालटले. ४,४४४ हृदयरुग्णांपैकी बनावट (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांत २५६ जण दगावले, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत १८२. आणि आत्महत्या वा हिंसेचे मृत्यू वाढले नाहीत. पुढे प्रव्हास्टॅटिनच्या एका मोठ्या चाचणीत हजारावर रुग्णांची चिंता, खिन्नता, चिडचिड प्रश्नावल्यांनी मोजली, तेव्हाही दोन्ही गटांत फरक आढळला नाही. क्वचित कोणाला विसराळूपणा किंवा गोंधळल्यासारखे वाटते आणि औषध थांबवल्यावर ते जाते, अशी नोंद अमेरिकी औषध प्रशासनाने २०१२ मध्ये माहितीपत्रकात घालायला लावली. ती योग्यच होती. पण तिची बातमी औषधाच्या फायद्यापेक्षा दूरवर गेली.

गोळी आणि मन यांचे नाते सर्वांत स्वच्छ दिसले ते २०२० मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या सॅमसन या छोट्या प्रयोगात. त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेले ६० जण त्यात होते. प्रत्येकाला महिन्याला एक याप्रमाणे बारा बाटल्या दिल्या : चार ॲटोर्व्हास्टॅटिनच्या, चार हुबेहूब दिसणाऱ्या बनावट गोळ्यांच्या आणि चार चक्क रिकाम्या. रोज फोनवर आपल्या त्रासाला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. रिकाम्या बाटल्यांच्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले, बनावट गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळीने वाढलेल्या त्रासाचा नव्वद टक्के भाग बनावट गोळीनेही होतच होता. याला नोसिबो परिणाम म्हणतात. गुण येईल या भरवशाने गुण येतो, तसा बाधेल या धास्तीने त्रास होतो. रुग्ण खोटे सांगत होते असे नव्हे. अंगदुखी खरी होती, तिचा धनी वेगळा होता. स्वतःचाच आलेख दाखवल्यावर सहा महिन्यांनी निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केलेली होती. स्टॅटिनने स्नायूंना खरी इजा होतेच नाही असे मात्र यातून निघत नाही. ती विरळा असते आणि रक्तातील सीके या विकराच्या तपासणीत दिसते.

आता दुसरा प्रश्न, बिघडलेल्या मनाचा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण पाचातील एका रुग्णाला औषधोपचार लागेल इतके नैराश्य येते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये त्याला अशा रुग्णांतील धोक्याचा घटक मानावे असे सुचवले. नैराश्यातून धोक्याकडे जाणारी एक वाट अगदी साधी आहे : गोळ्या चुकतात. वेदनाशामकाने दुखणे थांबलेले कळते, लघवी वाढवणाऱ्या मूत्रलाने सुजलेले पाय हलके होतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीने असे काहीच जाणवत नाही आणि ती बंद केली तरी त्या आठवड्यात काही बिघडत नाही. ‘आता कशासाठी’ असे ज्याला वाटू लागले आहे, तो पाकिटातली हीच गोळी सर्वांत आधी वगळतो. घरच्यांना त्यात पथ्यपाण्याचा आळस दिसतो.

मूत्रपिंडाच्या रुग्णाचे नैराश्य ओळखणे अधिक अवघड. डायलिसिसवर असलेल्यांत प्रश्नावलीने मोजले तर ते सुमारे ४० टक्के भरते, मुलाखत घेऊन निदान केले तर २० टक्क्यांच्या थोडे वर. ही तफावत प्रश्नांमुळे पडते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ चाचणीत थकवा, झोप व भूक यांचे तीन प्रश्न आहेत, आणि थकवा, मोडलेली झोप, अन्नावरची वासना उडणे हे तर युरिया वाढल्याचे आणि रक्त कमी झाल्याचेही लक्षण. त्यावर पथ्य. पाणी मोजून प्यायचे, शहाळे आणि केळे बंद, भाजी उकळून पाणी ओतून द्यायचे, आठवड्यातून दोनदा-तीनदा चार-चार तास मशीनवर पडून राहायचे. चारचौघांत जेवायला बसणेच नको होते. अशा माणसाला ‘मन लागतं का?’ हा एक प्रश्न विचारला, तर गुणांच्या बेरजेपेक्षा जास्त कळू शकते.

नैराश्यावरच्या औषधांचा अनुभव दोन्ही आजारांत सारखा नाही. सर्ट्रालिन हे औषध हृदयरुग्णांत सुरक्षित असल्याचे २००२ मध्ये दिसले. पुढच्याच वर्षी २,४८१ रुग्णांच्या चाचणीत समुपदेशनाने नैराश्य काहीसे निवळले, पण पुढचे झटके व मृत्यू घटले नाहीत. अनेकांनी याला अपयश म्हटले. माणसाला बरे वाटणे हे आयुष्य वाढण्यावर अवलंबून ठेवायचे काय, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. डायलिसिसच्या पायरीपर्यंत न आलेल्या मूत्रपिंडरुग्णांत सर्ट्रालिन बनावट गोळीहून सरस ठरले नाही (२०१७). डायलिसिसवरच्या रुग्णांत समुपदेशनाशी तुलना करता बारा आठवड्यांनी ते थोडे पुढे होते, मात्र दुष्परिणामही जास्त होते (२०१९). ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांबरोबर सर्ट्रालिनच्या गटातील औषधे घेतली तर रक्तस्रावाची शक्यता वाढते, आणि झटक्यानंतर नैराश्यावरची जुनी ट्रायसायक्लिक औषधे टाळतात.

कोलेस्टेरॉलच्या उपचाराचे गणितही मूत्रपिंडाच्या आजारात बदलते. २०११ मधील शार्प चाचणीत ९,२७० रुग्णांना सिमव्हास्टॅटिन व एझेटिमाइब किंवा बनावट गोळ्या दिल्या. औषधाने रक्तवाहिन्या चोंदण्याच्या मोठ्या घटना १७ टक्क्यांनी घटल्या. पण केवळ डायलिसिसवरील रुग्णांच्या दोन चाचण्यांत, ४-डी (२००५, १,२५५ मधुमेही) आणि ऑरोरा (२००९, २,७७६ रुग्ण), एलडीएल उतरूनही ठळक फायदा दिसला नाही. म्हणून केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत डायलिसिसवर स्टॅटिन नव्याने सुरू करू नये, आधीपासून चालू असेल तर राहू द्यावे, असे म्हटले आहे. इथे अहवालाचा आनंदही जपून करावा लागतो. डायलिसिसच्या रुग्णाचे कोलेस्टेरॉल आपोआप खाली येऊ लागले तर त्यामागे अन्न कमी पडणे किंवा शरीरातील दाह असू शकतो. आणि अन्न कमी पडण्यामागे पुन्हा तेच मिटलेले मन.

‘गोळी सुरू झाल्यापासून उदास वाटते’ ही तक्रार आली, की थायरॉईड आधी पाहावे. त्याचे स्रवणे कमी झाले तर कोलेस्टेरॉल वाढते, मन मंदावते आणि स्टॅटिनने स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. तिन्ही तक्रारींचे मूळ एकच निघू शकते. मग हिमोग्लोबिन, झोप आणि नव्याने सुरू झालेली औषधे : सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्याला घशाच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिले, तर स्टॅटिनची रक्तातील पातळी झपाट्याने चढते. यानंतरही शंका उरली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे गोळी थांबवून, मग कमी मात्रेत किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरू करून पाहतात. मूत्रपिंडांचे काम फार घटले असेल तर रोसुव्हास्टॅटिन दिवसाला १० मिग्रॅच्या वर नेत नाहीत; ॲटोर्व्हास्टॅटिनला ते बंधन नाही.