रिपोर्ट चांगला आल्यानंतरची दोन वर्षं

लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला की उपचारांचा पहिला महिना सर्वात कठीण, हे कुणालाही पटेल. पण आणखी एक नाजूक वेळ असते आणि ती धोक्याची वाटतच नाही. पहिला महिना संपता संपता बोन मॅरोची, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या मगजाची, तपासणी होते, रिपोर्ट येतो आणि डॉक्टर सांगतात, 'रेमिशन आहे.' ताप गेलेला असतो, अंगावरचे निळे डाग गेलेले असतात, मूल वॉर्डात पळायला लागलेलं असतं. इकडे वडिलांची रजा संपलेली, उसने आणलेले पैसे संपलेले. गावाहून फोन येतो, 'झालं ना बरं? मग आणा की घरी.' आणि काही कुटुंबं खरोखर निघून जातात. महिन्या-दोन महिन्यांनी किंवा वर्षाने ती परत येतात तेव्हा आजारही परत आलेला असतो. पहिल्या खेपेला ज्या औषधांनी काम झालं असतं, ती आता बऱ्याचदा पुरत नाहीत.

मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे 'अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया', रुग्णालयांच्या रोजच्या भाषेत 'एएलएल'. मुलांच्या सगळ्या कर्करोगांपैकी साधारण पाव हिस्सा याचाच. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत तो सर्वाधिक दिसतो. पांढऱ्या पेशींचा एक प्रकार म्हणजे लिम्फोसाइट. त्या तयार होत असताना मध्येच एखादी अडकते, मोठी होत नाही, नुसती दुप्पट होत राहते. हाडांच्या पोकळीतली जागा अशा अर्धवट पेशींनी भरली की लाल पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट बनायला जागाच उरत नाही. म्हणून मूल पांढरंफटक पडतं, लागलेलं नसताना काळंनिळं होतं, पाय दुखतात म्हणून चालायला नको म्हणतं, आणि न जाणारा ताप येतो. ही लक्षणं साध्या आजारांतही दिसतात, म्हणून निदानाला उशीर होतो. दोन आठवडे हे असंच चालू असेल तर साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घ्यावा. ही तपासणी तालुक्याच्या गावीही होते.

आता त्या 'रेमिशन'कडे येऊ. निदान होतं त्या वेळी शरीरात साधारण १ लाख कोटी कर्करोगी पेशी असतात. पहिल्या महिन्याच्या औषधांनी त्यातल्या ९९ टक्के मेल्या, असं धरा. किती उरल्या? १,००० कोटी. ९९.९ टक्के मेल्या तरी १०० कोटी. मॅरोमध्ये अशा पेशी ५ टक्क्यांपेक्षा कमी दिसल्या की त्याला रेमिशन म्हणतात, कारण त्याखाली सूक्ष्मदर्शकाला चांगली पेशी आणि वाईट पेशी खात्रीने वेगळी करता येत नाही. म्हणजे रिपोर्ट खोटा नसतो, त्याची नजर तेवढीच असते. आता 'एमआरडी' नावाची तपासणी १०,००० पेशींत लपलेली एक कर्करोगी पेशीही हुडकते आणि पुढचे उपचार किती कडक हवेत हे त्यावरून ठरतं. पण एमआरडी निगेटिव्ह आली तरी उपचार थांबवत नाहीत.

हे ज्ञान कसं मिळालं, तो इतिहास दुःखाचा आहे. १९४७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध द्यायला सुरुवात केली. पेशींना वाढायला फॉलिक अॅसिड लागतं, त्याचीच वाट अडवणारं हे औषध. ते आलं होतं लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचे निकाल लिहिले. त्यातली १० सुधारली होती. तोवर या आजारात औषधाने असं कधी घडलंच नव्हतं. पण काही महिन्यांत आजार परतला. पुढे एकेक औषध सापडत गेलं आणि दर वेळी तेच झालं: मूल उठून बसायचं, खेळायचं आणि पुन्हा आजारी पडायचं.

१९६० च्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी वेगळा विचार केला. औषधं एकामागून एक देण्याऐवजी एकत्र द्यायची. मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यात लपलेल्या पेशींपर्यंत शिरेतलं औषध नीट पोहोचत नाही, म्हणून तिथेही वेगळा इलाज करायचा. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे मूल ठणठणीत दिसत असतानाही दोन-तीन वर्षं औषध चालू ठेवायचं. त्या दशकाच्या अखेरीला तिथली निम्मी मुलं बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत एएलएलची दहापैकी नऊ मुलं बरी होतात. यासाठी लागलेली मुख्य औषधं अनेक दशकं जुनी आहेत. त्यातलं व्हिन्क्रिस्टिन तर आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळालेलं. (पानं चावून किंवा काढा पिऊन ते मिळत नाही. शुद्ध केलेलं औषध मोजून शिरेतूनच द्यावं लागतं. असे काढे पाजण्यात मोलाचे आठवडे गेलेली मुलं वॉर्डात भेटतात, म्हणून मुद्दाम लिहितो.)

दोन वर्षं का, याचं उत्तर पेशीच्या वागण्यात आहे. शेवटच्या टप्प्याला 'मेंटेनन्स' म्हणतात. त्यात ६-एमपी नावाची गोळी रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. जर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांनी ६-एमपी शोधलं, दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते. ६-एमपीपासून बनलेला खोटा घटक खऱ्याच्या जागी त्या नकलेत शिरतो आणि पेशी मरते. पण जी पेशी नक्कल करतच नाहीये, स्वस्थ पडून आहे, तिला तो काही करू शकत नाही. शेतातला लव्हाळा वरून खुरपला तरी गाठी मातीत राहतात आणि ज्याच्या त्याच्या वेळेला फुटतात, तसंच हे. पडून राहिलेली पेशी कोणत्या दिवशी जागी होईल ते कुणाला माहीत नसतं. ती जागी होईल त्या दिवशी रक्तात औषध असायला हवं.

या 'रोज'ची किंमत किती, हे अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया यांच्या गटाने मोजलं. गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवली. बाटली केव्हा उघडली याची नोंद आपोआप होत गेली. ज्या मुलांच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या पोटात गेल्या, त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण काही पटींनी जास्त होतं. ९५ टक्के म्हणजे काय? महिन्यात दोन गोळ्या चुकल्या तरी आपण त्याखाली गेलो. आणि ही गोळी सोपी नसते. रक्ताच्या काऊंटप्रमाणे डोस बदलतो: सोमवारी एक, मंगळवारी अर्धी, बुधवारी पुन्हा एक. आशियातल्या बऱ्याच लोकांत एनयूडीटी१५ या जनुकाचा असा प्रकार असतो की नेहमीचा डोसही त्यांना फार होतो, काऊंट धाडकन पडतात, म्हणून डोस आणखी कमी करावा लागतो. हे सगळं सांभाळते ती आई, बहुतेकदा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनाने खुणा करून. माझ्या मते ती उपचार करणाऱ्या चमूतलीच एक आहे आणि तिला तसंच शिकवलं पाहिजे. फाईलवर दोन ओळी खरडून तिच्या हातात देणं पुरेसं नाही.

आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यात मुंबईचं टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईतलं अडयारचं कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी मिळून एमसीपी ८४१ ही उपचारपद्धती सुरू केली. आपल्या रक्तपेढ्या, आपले वॉर्ड, आपला पैसा यांना झेपेल अशी. बरी होणारी मुलं वाढली. पण एक गोष्टही स्पष्ट झाली. आपली मुलं नुसती कर्करोगाने जात नव्हती. काही कुपोषित होती आणि जंतुसंसर्गाने जात होती, आणि काहींचे उपचार मध्येच सुटत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, गरीब देशांत अनेक ठिकाणी ३० टक्क्यांहून कमी. हा फरक पेशीतला नाही.

परळला टाटाच्या आसपास फूटपाथवर प्लास्टिक बांधून राहणारी कुटुंबं पाहिली नाहीत असा मुंबईकर विरळा. केमोने पांढऱ्या पेशी पडलेल्या असतात तेव्हा १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप ही आणीबाणी असते. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. घरी क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट पाहणं जिवावर बेततं. अशा मुलाला धुळीत झोपवणं, उघड्यावरचं पाणी पाजणं, किंवा नंदुरबारला परत नेऊन ताप आल्यावर रात्रीच्या गाडीने आणणं यातलं काहीच चालत नाही. म्हणून रुग्णालयाजवळची स्वच्छ खोली हा औषधयोजनेचाच भाग आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, २००६ पासून सुरू असलेली सेंट ज्यूड इंडियाची बालकेंद्रं यांनी किती जीव वाचवले असतील, ते मोजायला सूक्ष्मदर्शक उपयोगाचा नाही. केंद्रांतल्या सामायिक स्वयंपाकघरात प्रत्येक आई आपल्या पद्धतीचं रांधते. उपचारांतलं स्टेरॉइड चालू असतं त्या आठवड्यात मूल रात्री दोनला उठून 'भूक लागली' म्हणून रडतं, गाल फुगतात, चिडचिड होते. हा त्याचा हट्ट नाही, औषधाचा परिणाम आहे. तेव्हा हाताशी चूल असणं फार मोठी गोष्ट असते.

टाटाच्या बालविभागाने २००९ च्या सुमारास हिशेब मांडला, तेव्हा पाचातलं जवळजवळ एक मूल उपचार न घेता किंवा अर्धवट सोडून जात होतं. मग राहण्याची सोय, खाणं, पैसा, समाजसेवकांचं बोलणं हे सगळं एका छत्राखाली आणलं. आठवड्याला न आलेल्या मुलाच्या घरी लगेच फोन जाऊ लागला. काही वर्षांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलं. औषधं तीच होती. इतक्या मोठ्या फरकासाठी नवं औषध निघालं असतं तर वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं असतं. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारांच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, बरोबरच्या माणसाला ७५ टक्के सवलत आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही मुलांच्या कर्करोगाचे उपचार येतात. हे पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगावं लागतं.

मुलींविषयीही लिहायला हवं. २०२२ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कोलॉजी'त भारतातला एक मोठा अभ्यास आला. लोकसंख्येच्या नोंदींत कर्करोगाच्या मुलींचं जे प्रमाण दिसतं, त्याहून मोठ्या रुग्णालयांत पोहोचणाऱ्या मुलींचं प्रमाण कमी होतं. पण ज्या पोहोचल्या आणि ज्यांचे उपचार सुरू झाले, त्यांना मुलग्यांपेक्षा जास्त प्रमाणात अर्ध्यावर सोडलं गेलं नाही. माझ्या मते याचा अर्थ असा की मुलगी हरते ती घराच्या उंबऱ्याशी. एकदा वॉर्डात आली की तिच्यासाठीही आई-बाप तितकंच झटतात.

'आमचं काय चुकलं?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते. गरोदरपणी पपई खाल्ली, ग्रहणात बाहेर गेले, मोबाईल फार दिला. यातलं काहीच कारण नसतं. इंग्लंडचे मेल ग्रीव्ह्ज आणि इतरांनी जुळ्या मुलांचा अभ्यास केला. नवजात बाळांच्या टाचेतून घेऊन कागदावर जपलेले रक्ताचे थेंबही तपासले. अनेक मुलांत पहिला जनुकीय बिघाड गर्भातच झालेला दिसला. असा बिघाड घेऊन जन्मणारी मुलं पुष्कळ, त्यातल्या अगदी थोड्यांत पुढे दुसरा बिघाड होऊन आजार उद्भवतो. आई-वडिलांकडून आलेला दोष मुलांच्या कर्करोगांत दहातल्या एखाद्याच मुलात सापडतो. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, वाटीतलं उष्टं खाऊनही नाही. हे सासूबाईंसमोर, शक्य तर त्यांनाच उद्देशून, डॉक्टरांनी एकदा मोठ्याने सांगावं. कितीतरी घरं त्याने तगतील.

गावाकडे आजीपाशी ठेवलेला भाऊ किंवा बहीण मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटते. आई-बाबा अचानक मुंबईला गेले, सहा महिने आले नाहीत, फोनवर हळू आवाजात बोलतात. सहा-सात वर्षांचं मूल यातून स्वतःचाच अर्थ लावतं आणि तो बहुधा 'मी त्याला ढकललं होतं म्हणून' असा असतो. त्याला आजाराचं नाव सांगावं, व्हिडिओ कॉलवर टक्कल दाखवावं, केस परत येतात हेही सांगावं.

उपचार संपले की शाळा असते. टाटामध्ये १९९१ पासून बऱ्या झालेल्या मुलांसाठी 'एसीटी क्लिनिक' चालतं. तिथे दरवर्षी वजन, उंची, हृदय, हार्मोन पाहतात, कारण डाऊनोरुबिसिनसारख्या औषधांचा हृदयावरचा परिणाम कधीकधी वर्षानुवर्षांनी दिसतो. उपचार संपताना रुग्णालयाकडून एक सारांश लिहून घ्यावा: कोणती औषधं, एकूण किती डोस, रेडिएशन दिलं का. त्याची झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो ठेवावा. मुलगी तीस वर्षांची होऊन बाळंतपणासाठी दुसऱ्याच शहरातल्या डॉक्टरांकडे जाईल, तेव्हा तिचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आधी करायचा की नाही, हे त्या कागदावरच्या आकड्यावरून ठरेल.