व्हायोला, पियानो आणि मैत्री : एका सोनाटा-परंपरेची पार्श्वभूमी

व्हायोला आणि पियानो यांच्यासाठी आज लिहिल्या जाणाऱ्या सोनाटाची (एक-दोन वाद्यांसाठीच्या, बहुधा अनेक भागांच्या रचनेची) अर्पणपत्रिका पाहिली, तर तेथे अनेकदा संगीतकाराच्या एखाद्या वादक मित्राचे नाव आढळते. यामागे नुसते सौजन्य नाही, तर या वाद्याचा इतिहास आहे. दिसायला व्हायोलिनसारखाच, पण त्यापेक्षा पाच स्वरांनी खाली लागणारा व्हायोला दीर्घकाळ वाद्यवृंदात आणि तंतुवाद्यांच्या चौकडीत मधले स्वर सांभाळत राहिला. एकल वाद्य म्हणून त्याला फारशी मागणी नव्हती. त्यामुळे त्याच्यासाठी स्वतंत्र रचना व्हायची, ती बहुधा कोणा विशिष्ट वादकाचे हात आणि कान डोळ्यांपुढे ठेवूनच.

जर्मन संगीतकार ब्राम्स यांचे ऑपस (रचनाक्रमांक) १२० मधील दोन सोनाटे व्हायोलावादकांना आज आपलेच वाटतात. पण ते उसने आहेत. मायनिंगेनच्या वाद्यवृंदातील रिचर्ड म्यूलफेल्ड यांच्या क्लॅरिनेटवादनाने प्रभावित होऊन ब्राम्स यांनी १८९४ मध्ये ते लिहिले आणि व्हायोलासाठीचे रूप नंतर स्वतःच सिद्ध केले. पुढे इंग्लंडमध्ये व्हायोलावादक लायोनेल टर्टिस यांनी या वाद्याच्या प्रतिष्ठेसाठी आयुष्य वेचले. संगीतकार यॉर्क बोवेन आणि अर्नॉल्ड बॅक्स यांचे व्हायोला सोनाटे त्यांच्यासाठीच झाले. स्वतः व्हायोला वाजवणाऱ्या रेबेका क्लार्क आणि पॉल हिंडेमिथ या संगीतकारांना मात्र असा मध्यस्थ लागला नाही. दोघांचेही गाजलेले सोनाटे १९१९ सालचे आहेत.

या परंपरेतील सर्वांत हृद्य प्रसंग मॉस्कोतला आहे. सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविच यांच्या चौकडीसाठीच्या बहुतेक रचना प्रथम वाजवणाऱ्या ‘बेथोवन चौकडी’ या वादकसंचात वादिम बोरिसोव्स्की व्हायोला वाजवत. १९७० ची तेरावी चौकडी-रचना त्यांनाच अर्पण केलेली आहे. बोरिसोव्स्की यांची जागा पुढे त्यांचे शिष्य फ्योदोर द्रुझिनिन यांनी घेतली. १९७५ च्या उन्हाळ्यात, प्रकृती पार ढासळलेली असताना, आपला व्हायोला सोनाटा लिहिताना शोस्ताकोविच यांनी द्रुझिनिन यांना दूरध्वनी करून व्हायोलावर चतुर्थ अंतराचे जोडस्वर (चार स्वरांच्या अंतरावरचे, दोन तारांवर एकदम वाजणारे स्वर) सलग वाजवता येतील का, अशी विचारणा केली. इतकी वर्षे तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या माणसाला या उत्तराची खरोखर किती गरज होती, हा प्रश्नच आहे. मला तरी त्या विचारण्यात वादकाला रचनेत सामील करून घेण्याची आस्था अधिक दिसते.

तीन भागांच्या या सोनाटाचा मधला भाग १९४२ मध्ये अर्धवट सोडलेल्या ‘जुगारी’ या ऑपेराच्या सामग्रीतून उभा राहिला आहे, तर शेवटच्या संथ भागात बेथोवनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचे सूर पुनःपुन्हा डोकावतात. येथे पियानो साथीला बसलेला नाही. पुष्कळदा तो व्हायोलाला मोकळा अवकाश देऊन मागे सरतो, आणि खालच्या तारांचा घोगरा, अंतर्मुख नाद त्यामुळेच झाकोळत नाही. व्हायोलासाठी लिहिणाऱ्या आजच्या संगीतकारालाही हाच तोल प्रथम साधावा लागतो आणि त्यासाठी वादक मित्राबरोबरच्या तालमीइतका भरवशाचा दुसरा उपाय नाही.

९ ऑगस्ट १९७५ रोजी शोस्ताकोविच यांचे निधन झाले. २५ सप्टेंबरला, त्यांच्या वाढदिवशी, द्रुझिनिन आणि पियानोवादक मिखाईल मुन्त्यान यांनी हा सोनाटा शोस्ताकोविच यांच्या घरी जमलेल्या आप्तमित्रांपुढे वाजवला. लेनिनग्राडमधील जाहीर प्रयोग त्यानंतर, १ ऑक्टोबरला झाला.