जी-सिक्स-पीडी कमतरता आणि प्रायमाक्विन

ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज (जी-सिक्स-पीडी) या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विन या हिवतापावरील औषधाने फुटू शकतात. औषध एकाला मानवते आणि दुसऱ्याला बाधते यामागे जनुके असू शकतात, हे ज्या उदाहरणांवरून प्रथम पटले, त्यांपैकी हे एक.

व्हायव्हॅक्स हिवतापाचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी ताप उलटतो. त्यांच्यासाठी भारतात प्रायमाक्विन सहसा १४ दिवस देतात. गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे यांना देत नाहीत.

अमेरिकेत इलिनॉयमधील स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर या औषधाच्या चाचण्या झाल्या. (संमती घेतलेली होती, पण गजांआडच्या संमतीला कितपत संमती म्हणावे, हा प्रश्न उरतोच.) काही कृष्णवर्णीय कैद्यांना औषधाने पंडुरोग झाला. त्यांचे रक्त निरोगी माणसांना देऊन मग प्रायमाक्विन दिले, तेव्हा बाहेरून आलेल्या तेवढ्याच पेशी फुटल्या. म्हणजे दोष पेशीतच होता. तो याच विकराचा, हे १९५६ मध्ये कळले.

तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया (इतर पेशींतली ऊर्जाकेंद्रे) नसतात. म्हणून ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यातून सावरायला लागणारे एनएडीपीएच हे संयुग तिला याच विकराच्या वाटेने मिळते. ते अपुरे पडले की हिमोग्लोबिन साकळते आणि पेशी फुटते. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. अशी लघवी दिसताच गोळ्या थांबवून दवाखाना गाठावा. कुष्ठरोगावरील डॅप्सोन आणि रक्तातले युरिक आम्ल उतरवणारे रासब्युरिकेज ही औषधेही अशा रुग्णांना धोक्याची. कपाटातल्या नॅप्थलीनच्या डांबरगोळ्यासुद्धा. बाळाची दुपटी त्यांत ठेवू नयेत ती याचसाठी.

जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तीव्र कमतरता मुख्यतः पुरुषांत आढळते. हिवतापाचे ठाण असलेल्या प्रदेशांत ती जास्त दिसते, कारण ती हिवतापापासून काही अंशी संरक्षण देते. भारतात मेडिटरेनियन, केरळ-कल्याण आणि ओरिसा हे प्रकार प्रमुख आहेत. ‘कल्याण’ प्रकार १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबातून नोंदला गेला. जैवरासायनिक कसोट्यांवर तो ‘केरळ’हून निराळा मानला होता, डीएनए तपासल्यावर १९९२ मध्ये दोन्हींत एकच उत्परिवर्तन निघाले. मुंबईच्या पारशी समाजातही कमतरता बरीच आढळते. तरी जात-जमात पाहून औषध ठरवणे हा कच्चा आडाखा, तपासणीच खरी.

तपासणीलाही मर्यादा आहेत. पेशी फुटत असताना जुन्या पेशी गेलेल्या असतात आणि नव्या पेशींत विकर जास्त असते, त्यामुळे कमतरता असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो; चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. एकाच एक्सवर दोष असलेल्या स्त्रीत दोन्ही तऱ्हेच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि साध्या चाचणीतून ती निसटते. प्रायमाक्विनसारख्याच, पण एकाच मात्रेत काम करणाऱ्या टॅफेनोक्विन या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण ते शरीरात आठवडेच्या आठवडे टिकते. गोळी थांबवण्याची सोय त्यात नाही. म्हणून ते देण्याआधी विकराचे प्रमाण मोजून पाहणे बंधनकारक आहे.