उष्णतेने उघडणारे लायपोसोम : पार्श्वभूमी

शरीरात दूरवर असलेल्या कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध सुखरूप पोहोचवायचे असेल, तर ते कशात तरी बंद करून न्यावे लागते. पण जे आवरण वाटेत औषध घट्ट धरून ठेवते, तेच मुक्कामी पोहोचल्यावरही ते सोडत नाही. उष्णतेला प्रतिसाद देणाऱ्या लायपोसोमचा सगळा इतिहास या पेचातून निघाला आहे.

लायपोसोम म्हणजे मेदरेणूंच्या दुहेरी थराने वेढलेली, आत पाणी असलेली सूक्ष्म पिशवी. केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे 1960च्या दशकाच्या पूर्वार्धात अॅलेक बँगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉस्फोलिपिड (पेशीच्या पटलात असणारे मेदरेणू) पाण्यात मिसळल्यावर तयार होणाऱ्या या रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, आणि 1965 मध्ये त्या आयन (विद्युतभारित कण) आत अडवून ठेवू शकतात हे दाखवून दिले. त्यांना पेशीच्या पटलाचे साधे प्रतिरूप हवे होते, औषधाचे वाहन नव्हे. ती कल्पना 1970च्या दशकाच्या आरंभी ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांच्यासारख्या संशोधकांनी पुढे आणली.

त्याच सुमारास पटलाच्या भौतिकीतून दुसरा धागा मिळाला. विशिष्ट तापमानाला फॉस्फोलिपिडच्या लांब शेपट्या आपली ताठ, शिस्तबद्ध मांडणी सोडून सैल होतात. डीपीपीसी या लिपिडच्या बाबतीत हे सुमारे 41 अंश सेल्सिअसला घडते, तर शेपटीत दोन कार्बन अधिक असलेल्या डीएसपीसीच्या बाबतीत सुमारे 55 अंशांना. डेमेट्रिओस पापाहाडजोपोलस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये दाखवले की, पटल पूर्ण ताठ असताना किंवा पूर्ण सैल झाल्यावर नव्हे, तर नेमके या स्थित्यंतराच्या वेळी सर्वाधिक गळते. ताठ आणि सैल भाग शेजारी शेजारी असताना त्यांच्या सीमारेषांवर रेणूंची जुळणी बिघडते, हे त्याचे सर्वसाधारणपणे स्वीकारलेले स्पष्टीकरण आहे. एरवी लायपोसोम मजबूत करण्यासाठी मुद्दाम घातले जाणारे कोलेस्टेरॉल पुरेशा प्रमाणात असले, तर हे स्थित्यंतर पुसले जाते. म्हणजे इथे मजबुतीचा नेहमीचा उपाय उपयोगाचा नव्हता.

मिल्टन यॅटविन, जॉन वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये हे दोन धागे जोडले. डीपीपीसी आणि डीएसपीसी यांच्या मिश्रणाने त्यांनी स्थित्यंतराचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा काही अंशांनी वर आणले आणि आत निओमायसिन हे प्रतिजैविक भरले. जिवाणूंसोबत ठेवून तापवल्यावर औषध झपाट्याने बाहेर पडून जिवाणूंवर परिणाम करू लागले. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेट हे कर्करोगावरील औषध भरलेले लायपोसोम उंदरांना देऊन त्यांच्या गाठी 42 अंशांपर्यंत तापवल्या, तेव्हा न तापवलेल्या गाठींच्या तुलनेत चौपटीहून अधिक औषध तेथे साठले. उष्णतेने न उघडणाऱ्या सर्वसाधारण लायपोसोममधील डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील औषधाला अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळाली, हे लक्षात घेतले तर या प्रयोगांची झेप कळते. अर्थात हे जुने मिश्रण माणसांसाठी गैरसोयीचे होते : त्याला गाठीत टिकवून धरायला अवघड असे तापमान लागे, औषधही सावकाश सुटे, आणि रक्तप्रवाहात कण फार काळ टिकत नसत.

ड्यूक विद्यापीठात डेव्हिड नीडहॅम यांनी 1990च्या दशकात यावर काढलेला तोडगा मला या संपूर्ण कथेतील सर्वांत चतुर टप्पा वाटतो. त्यांनी डीपीपीसीमध्ये एकच शेपटी असलेल्या लायसोलिपिडचा थोडा अंश मिसळला आणि रक्तात टिकण्यासाठी पॉलिएथिलिन ग्लायकॉल जोडलेले लिपिडही घातले. स्थित्यंतराच्या वेळी लायसोलिपिड सीमारेषांवर जमून छिद्रे टिकवून धरते, असे मानले जाते. परिणामी 40 अंशांच्या आसपास काही सेकंदांतच डॉक्सोरुबिसिन बाहेर पडते. मार्क ड्यूहर्स्ट यांच्यासह 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात, तापवलेल्या अकराच्या अकरा गाठी पूर्ण विरल्या आणि 60 दिवसांपर्यंत परतल्या नाहीत. या वेगामुळे कामाची पद्धतच बदलली. कण गाठीत झिरपून साचण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. तापवलेल्या रक्तवाहिनीतून जाता जाताच ते औषध सोडतात, आणि मोकळे औषध ऊतीत शिरते.

सेल्सियन या कंपनीने हेच सूत्र थर्मोडॉक्स नावाने रुग्णांपर्यंत नेले. यकृताच्या कर्करोगात गाठ रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळतात, तेव्हा तिच्या कडेचा भाग मरण्याइतका तापत नाही, पण लायपोसोम उघडण्याइतका तापतो. त्या कडेवरच औषध सोडावे, ही कल्पना होती. सुमारे 700 रुग्णांच्या ‘हीट’ चाचणीने मात्र जानेवारी 2013 मध्ये निराशा केली, कारण आजार न वाढता जाणारा काळ ठरवल्याप्रमाणे लांबला नाही. नंतरच्या विश्लेषणात, ज्यांची गाठ 45 मिनिटे किंवा अधिक तापवली होती त्यांना लाभ झाल्यासारखे दिसले. त्यावर बेतलेल्या ‘ऑप्टिमा’ चाचणीत 556 रुग्ण होते. 2020 मध्ये तिच्या अंतरिम आढाव्यातही अपेक्षित फरक दिसण्याची आशा उरली नाही. निकाल पाहून निवडलेल्या उपगटावर पुढची मोठी चाचणी उभारण्यात जोखीम असते, ती इथे खरी ठरली.

तरीही कणाचे काम वाया गेले असे म्हणता येत नाही. जाळण्याच्या प्रक्रियेत गाठीत खुपसलेल्या सुईभोवती तापमान फार असमान असते. सौम्य आणि नियंत्रित उष्णता वेगळ्या साधनांनी देता येते. ऑक्सफर्डमध्ये दहा रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टार्डॉक्स’ अभ्यासात केंद्रित अल्ट्रासाऊंडने यकृतातील गाठ तापवल्यावर तेथील डॉक्सोरुबिसिनचे प्रमाण सरासरी 3.7 पट वाढले. दुसरीकडे, लायसोलिपिड रक्तात हळूहळू निसटते आणि शरीराच्या तापमानालाही थोडे औषध गळते, या उणिवेवर म्युनिकमधील लार्स लिंडनर यांच्या गटाने लायसोलिपिड वगळून फॉस्फोडायग्लिसरॉल या वेगळ्या प्रकारच्या लिपिडवर आधारलेली रचना मांडली. काही गट औषधासोबत एमआरआयमध्ये उठून दिसणारे गॅडोलिनियमयुक्त द्रव्यही भरतात, ज्यामुळे एमआरआयमध्ये गाठीचे तापमान आणि औषध सुटल्याची खूण एकाच वेळी पाहता येते.