मॉइश्चरायझर झोंबलं म्हणजे ॲलर्जी झाली का?

औषधाच्या दुकानातून सेन्सिटिव्ह स्किनवालं मॉइश्चरायझर आणलं, सुगंध नाही, लेबल नीट वाचलं, आणि गालाला लावल्या लावल्या झोंबलं. मग पुढचं वाक्य ठरलेलं: "मला ना याची ॲलर्जी आहे." ट्यूब टाचांना लावून संपवायची. आपल्या नागपुरात कित्येक घरांमध्ये टाचा अशाच महागड्या क्रीमवर पोसल्या जाऊन राहिल्या आहेत.

खरं म्हणजे लावताच झोंबणं आणि ॲलर्जी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. सगळ्यात मोठा फरक वेळेचा.

आधी झोंबण्याचं बघू. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी असतात आणि त्यांच्या मधे मधे चरबी भरलेली असते, सेरामाईड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड वगैरे. कोरड्या त्वचेत ही चरबी कमी पडते, डोळ्याला दिसणार नाहीत अशा बारीक भेगा पडतात, आणि क्रीममधले काही पदार्थ तिथून आत शिरून मज्जातंतूंच्या टोकांना चुणचुणवतात. युरिया आणि लॅक्टिक ॲसिड ही यातली नेहमीची नावं, आणि गंमत अशी की कोरडेपणासाठी म्हणून हेच दोन मुद्दाम टाकलेले असतात. ही चुणचुण मिनिटाभरात सुरू होते, थोड्या वेळात बसते, जिथे लावलं तिथेच होते आणि कमी लावलं तर कमी होते. रोज तसंच रेटत राहिलं तर मात्र लाली येते, सालं निघतात, पण तेही ॲलर्जीशिवाय होऊ शकतं, म्हणजे नुसती त्वचा चिडलेली असते.

आपल्याकडे याला हवामानाचीही साथ आहे. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, दुपारच्या हवेत ओलावा नावापुरता, त्यात स्कूटीवर तोंडाला घट्ट बांधलेला स्टोल गालावर घासून राहिलेला, मग ऑफिसात एसी. डिसेंबर-जानेवारीत पारा 10 च्या खाली जातो तेव्हा परत तेच. म्हणून एक खूण लक्षात ठेवा, जे क्रीम जानेवारीत झोंबतं आणि ऑगस्टमध्ये, पावसाळी दमट हवेत, काहीच करत नाही, तिथे दोष बहुतेक क्रीमचा नसून त्वचेच्या फाटलेल्या अवस्थेचा असतो. ॲलर्जी काही ऋतू बघून येत नाही.

आता ॲलर्जी. ही लबाड आहे, कारण सुरुवातीला काहीच होत नाही. आपली प्रतिकारशक्ती आधी तो पदार्थ ओळखायला शिकते, त्याला दहा-पंधरा दिवस लागतात किंवा कित्येक वर्षंही लागतात, आणि एकदा ओळख पटली की मग दर वेळी लावल्यानंतर साधारण एक ते तीन दिवसांनी त्रास सुरू होतो. म्हणजे सोमवारी लावलं आणि बुधवारी खाज सुटली, तर बुधवारी सकाळी खाल्लेल्या वांग्याच्या भाजीला शिव्या बसतात. इथे झोंबण्यापेक्षा खाज जास्त, पुरळ, कधी पाण्याचे बारीक फोड, पापण्या सुजणं, आणि जिथे लावलं नाही तिथेही पसरणं. थोडंसं लागलं तरी पुरतं. "मी तर हे वर्षानुवर्षं लावते, याची कशी होईल?" असं सगळे म्हणतात, पण संशयितांच्या यादीत तेच जुनं लाडकं क्रीम वर ठेवायला पाहिजे, कालची ट्यूब नंतर.

कशाची होते? सुगंधाची, आणि क्रीम टिकावं म्हणून टाकलेल्या प्रिझर्व्हेटिव्हची. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाच्या प्रिझर्व्हेटिव्हला अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने 2013 साठी 'ॲलर्जन ऑफ द इयर' (म्हणजे ॲलर्जी करणारा त्या वर्षीचा पदार्थ) ठरवलं होतं, 2023 मध्ये लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून काढलेल्या मेणासारख्या पदार्थाचा, नंबर लागला. 'नॅचरल' लिहिलं म्हणून निर्धास्त राहू नका, लॅव्हेंडर आणि टी ट्री तेलाचीही होते. आणि कित्येकदा मॉइश्चरायझर बिचारं निर्दोष असतं, कपाळ आणि कानामागे खाजतंय तर केसांचा डाय किंवा काळी मेंदी बघा, पापण्या सुजताहेत तर नेलपॉलिश, भुवयांच्या मधोमध गोल चट्टा असेल तर टिकलीचा गोंद.

घरी बघायचं कसं? कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा, एकाच ठिकाणी. पण इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही, या चाचणीत ॲलर्जीचा अंदाज येतो, झोंबण्याचा नाही, कारण कोपराची कातडी चेहऱ्याइतकी नाजूक नसते. झोंबतं का ते बघायला कानाखाली, जबड्याच्या कडेला लावून बघा.

नुसतं झोंबत असेल तर ट्यूब फेकू नका ना बाप्पा. काही दिवस स्क्रब, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल आणि ते लिंबू-बेसन बंद. साधी सुगंध नसलेली पेट्रोलियम जेली रात्री पातळ लावा, त्यात पाणी नसतं म्हणून प्रिझर्व्हेटिव्हची गरज पडत नाही, झोंबायलाही फारसं काही नसतं. मग तेच मॉइश्चरायझर परत लावून बघा, बहुतेकदा चालून जातं. एक अपवाद आहे, लावताच गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर ही लगेच येणारी ॲलर्जी असू शकते, तिथे घरगुती प्रयोग नाही, सरळ डॉक्टर.

आणि दुकानदाराने "हे लावा, दोन दिवसात साफ" म्हणून दिलेली ट्यूब चेहऱ्याला लावू नका. दोन दिवसात साफ करणाऱ्या या ट्यूबमध्ये बरेचदा स्टिरॉइड असतं, चेहऱ्याची कातडी त्याने पातळ होते आणि बंद केलं की लाली दुपटीने येते. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते, ती मागितली जात नाही ही गोष्ट वेगळी.

खाज परत परत येत असेल तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या स्किन ओपीडीत किंवा तुमच्या स्किनवाल्या डॉक्टरांकडे पॅच टेस्टचं विचारा. संशयित पदार्थांचे छोटे थेंब पट्टीवर पाठीला चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि मग परत एकदा दोनेक दिवसांनी बघतात. जाताना लावता ते सगळं सोबत न्या, टिकलीचं पाकीट आणि डायचा डबा धरून. पट्ट्या असताना पाठ ओली करायची नसते, घामानेही त्या सुटतात, म्हणून घाई नसेल तर एप्रिल-मेमध्ये तारीख घेऊ नका, दिवाळीनंतरची घ्या.