हॉल एक, वर्तुळं दोन

हॉल एकच असतो, पण त्यात बसणं, जेवणं, मुलांचा अभ्यास आणि मे महिन्यातली कूलरसमोरची दुपारची झोप, सगळंच मांडायचं असतं. मधे पार्टिशन घातलं की दोन कोंदट खोल्या होतात आणि कूलरचा वारा एकीतच अडकतो. म्हणून घरांची आतली मांडणी करून देताना आम्ही पार्टिशन सहसा सुचवत नाही. जमिनीवर दोन आकार आखतो आणि ते मुद्दाम एकमेकांत शिरू देतो.

समजा हॉल 12 बाय 15 फुटांचा आहे. सुतळी आणि खडू घेऊन 4 फूट त्रिज्येची दोन वर्तुळं काढा, केंद्रांमधलं अंतरही 4 फूटच ठेवा. दोन्ही मिळून 12 बाय 8 फुटांत बसतात. एका भिंतीकडे फूटभर सरकवली की दुसऱ्या बाजूला येण्याजाण्याला 3 फूट वाट उरते. एका वर्तुळात बैठक, दुसऱ्यात जेवणाचं गोल टेबल. मधे डोळ्याच्या आकाराचा जो सामाईक भाग निघतो, तो 4 फूट रुंद आणि जवळजवळ 7 फूट लांब असतो.

आमच्या मते खोलीतली सगळ्यात मोलाची जागा हीच. इथे जड फर्निचर ठेवू नका. जेवताना खुर्च्या इथे मागे सरकतात, पाहुणे आले की बसायला वेताचे मोडे येतात, दुपारी गादी पडते. गादीचे कोपरे आखणीबाहेर जातील, जाऊ द्या. कूलरची खिडकी आणि हवा बाहेर जायची खिडकी या भागाच्या दोन टोकांना आली तर फारच उत्तम. समोरची खिडकी अर्धी उघडी हवीच, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो.

वर्तुळाऐवजी तिरका चौकोनही चालतो, पण आधी माप घ्या. 8 फुटांचा चौकोन 45 अंशांत फिरवला की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 11 फूट 4 इंच जागा खातो. 10 फुटी खोलीत तो बसतच नाही. शिवाय फरशी तिरकी लावली तर कापण्यात जास्त वाया जाते.

हेच आकार छतावर पुन्हा नकोत. स्लॅब 10 फुटांपेक्षा खाली असेल तर फॉल्स सीलिंगने पंखा डोक्याजवळ येतो. दिव्यांची जागा तेवढी आकारांप्रमाणे ठेवा.

आखलेला खडू दोन दिवस पुसू नका. घरातल्यांना त्यावरून वावरू द्या. आजींना वळताना अडचण होते का, बघा. मग आम्हाला बोलवा. आम्ही येण्याआधी खोलीची लांबी-रुंदी, बीमची खालची उंची आणि कूलरची खिडकी कुठे आहे, एवढं कागदावर लिहून ठेवा. पहिली आखणी आम्ही तुमच्याच घरात, तुमच्यासमोर करतो.