तणनाशक-प्रतिकारक तणांचे व्यवस्थापन (विदर्भ)

एकाच प्रकारे काम करणारे तणनाशक वर्षानुवर्षे फवारले की शिफारशीच्या मात्रेलाही न मरणारी तणे शेतात वाढत जातात. औषध तणाला बदलवत नाही. असंख्य रोपांत उपजतच वेगळी असलेली एखाददुसरी रोपे फवाऱ्यातून वाचतात, बी त्यांचेच पडते आणि काही हंगामांत शेत त्यांच्याच वंशाने भरते. १९५७ मध्ये हवाई बेटांवरील उसात २,४-डी या तणनाशकाला न जुमानणारे जे तण नोंदले गेले, ते आपल्याकडच्या केना या तणाच्याच कुळातले होते. भारतात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणा-पंजाबच्या गव्हातले गुल्लीदंडा हे तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासे झाले.

विदर्भात निंदणाला मजूर मिळेनासे झाले, तशी सोयाबीन-कपाशीची भिस्त फवाऱ्यावर आली. मेख इथेच आहे. सोयाबीन पेरल्याबरोबर मारायचे डायक्लोसुलम, पंधरा-वीस दिवसांनी मारायचे इमॅझेथापायर किंवा क्लोरीम्युरॉन आणि कपाशीतले पायरिथिओबॅक सोडियम ही सगळी तणातल्या एएलएस या वाढीला लागणाऱ्या एकाच विकराला (एन्झाइमला) अडवतात. इमॅझेथापायर-इमॅझामॉक्सचे तयार मिश्रण दोन औषधांचे दिसते, पण मारा त्याच एका जागी. म्हणजे कृषी केंद्रवाल्याने डबा बदलून दिला, शेतकऱ्याने सोयाबीन सोडून पऱ्हाटी (कपाशी) लावली, तरी तणाला फरक पडलेला नसतो. डब्यावरच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरात छापलेला घटक वाचणे हा सगळ्यात स्वस्त उपाय होय, आणि तोच सर्रास राहून जातो.

ग्लायफोसेट सरसकट सगळे हिरवे मारते. उभ्या पिकात ते चालते फक्त तणनाशक-सहनशील, म्हणजे एचटीबीटी कपाशीत. या वाणाला केंद्राची मंजुरी नसताना जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने तो जाहीरपणे पेरून आंदोलन केले. मंजुरीचा वाद बाजूला ठेवला तरी अमेरिकेतल्या कपाशीचा अनुभव उरतोच: तिथे माठाच्या जातीचे एक तण २००५च्या सुमारास ग्लायफोसेटला पुरून उरले.

न मेलेले प्रत्येक तण प्रतिकारक नसते. गढूळ पाणी, पावसाचा खंड, तण गुडघ्याला लागल्यावर केलेली फवारणी यांनीही औषध फसते. केना तर मुळातच चिवट. त्याचे तुटलेले कांडे ओल्या मातीत पुन्हा मूळ धरते आणि जमिनीखालीही त्याला फुले येऊन बी धरते. खरा संशय घ्यावा तो एकाच जातीची, सारख्याच उंचीची दोन रोपे शेजारी शेजारी असून एक वाळलेले व दुसरे हिरवेगार दिसले, आणि बाकीची तणे साफ झालेली असली तर.

अशा ठिकाणी तेच औषध वाढीव मात्रेत मारणे म्हणजे न मरणाऱ्या रोपांची उरलेली निवड पूर्ण करणे. पेरणीनंतर पेंडिमेथॅलिन, गवतवर्गीय तणांवर क्विझालोफॉप असे वेगळ्या जागी मारा करणारे घटक आलटून पालटून घ्यावेत. फुली पद्धतीने, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही ओळी सरळ येतील अशा लावलेल्या कपाशीत डवरा (कोळपे) आडवा-उभा दोन्ही चालतो. पहिल्या पावसावर उगवलेले तण वखराच्या पाळीने मोडून मग पेरणे फार परिणामकारक, मात्र मृगाचा वाफसा हातचा जाईल या धास्तीने ते कोणी सहसा करत नाही. वाचलेली झाडे बी धरण्याआधी विळ्याने काढावीत, धुऱ्यावरची (बांधावरची)ही. भाड्याचे हार्वेस्टर एका शेतातले बी दुसऱ्या शेतात नेते, त्यामुळे ते शेतात शिरण्याआधीच झाडून घ्यावे. चालक कुरकुर करतो, पण घ्यावे.